मागचे येईपर्यंत

"मावशीला ताल नाही हो," असं काचेपलीकडून स्टुडिओवाला विकास म्हणाला, आणि त्याचं बोट बटणावरच राहिलेलं असल्यामुळे ते वाक्य त्याच्या खोलीत न राहता सरळ दोन हेडफोनांत शिरलं. एक रत्नमालाच्या कानात, दुसरा तिच्या मायच्या, भागिरथाबाईंच्या. विकासला वाटत होतं की तो आपल्या पोऱ्याशी बोलतोय. भागिरथाबाईंनी हेडफोन काढला, मागून आणलेलं भांडं परत करताना ठेवावं तसा जपून खुर्चीवर ठेवला, आणि पदर सारखा करून म्हणाल्या, "झालं काय मंग?" मोबाइलच्या दुकानावरचा तो स्टुडिओ, भिंतींना लावलेला काळा फोम, खाली रस्त्यावर ऑटोवाल्यांचा कालवा. रत्नमालाला एकाएकी त्या फोमचा वास नाकात गेल्यासारखा झाला. ताल नाही म्हणे. जिच्या मागं चाळीस वर्षं गायन पार्टी उभी राहिली, जिच्या श्वासावर तिचा नवरा देवमन ढोलकी जुळवायचा, त्या बाईला ताल नाही. विकास वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. त्यानं चहा मागवला, मावशी मावशी केलं, गाणं एक नंबर आहे म्हणाला. बायकांच्या गाण्यांचा संच निघणार होता, त्यात हे गाणं घ्यायचंच होतं. फक्त म्हणायला वैजयंतीला देऊ, तिचा गळा तयार आहे. शब्द मावशींचे म्हणून नाव खाली येईलच. पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला सगळ्या फाइली जायच्या होत्या. "तुमचं मशीन तर मागं पडत नसेल?" रत्नमालानं विचारलं. का विचारलं ते तिलाही ठाऊक नव्हतं; मायच्या चेहऱ्यावर गाताना जे आलं होतं ते चुकल्याचं नव्हतं, कुणाची तरी वाट पाहिल्याचं होतं, एवढंच तिला दिसलं होतं. विकास हसला. "ताई, नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला, अगदी प्रेमानं.

घरी येताना स्कूटीवर ती म्हण तिच्या डोक्यात दळत राहिली. कुणी केली असेल ही म्हण? ज्याचं अंगण असेल त्यानंच. नाचणारीनं केली असती तर वेगळी झाली असती. आजवर एकानं तरी टेप घेऊन अंगण मोजलंय का? नाचणारीचे पाय मात्र सगळे मोजतात. स्टेशनकडच्या वळणावर ट्रॅक्टर आडवा होता, तिनं उगाचच तीनदा हॉर्न वाजवला. मागून माय म्हणाली, "जाऊ दे वं बाई. वय झालं माह्यं. त्या पोरीले म्हनू दे." रत्नमालाला विकासचा राग आला होता त्याहून जास्त या जाऊ देचा आला. मायनं आयुष्यात जाऊ दे म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. बापाच्या ढोलकीचं पान भर कार्यक्रमात फाटलं तेव्हा ती पत्र्याच्या डब्यावर गायली होती. जाऊ दे म्हटलं नव्हतं. हे एका वाक्यानं केलं होतं. रत्नमाला कोर्टासमोरच्या टिनाच्या शेडमध्ये अर्ज टाइप करायची, वीस वर्षं होत आली होती. एका वाक्यानं माणसाचं काय होतं ते तिला शिकवायची गरज नव्हती. "जाऊ देनार नाई," ती मोठ्यानं म्हणाली. मायला वाऱ्यात ऐकू गेलं नसावं.

घरी कॉम्प्युटर होता. एका ऑफिसनं भंगारात काढलेला डबा. त्यावर नेहमीचं काही चालेना, म्हणून पुण्याच्या सतीशनं, तिच्या मामेभावानं, व्हिडिओ कॉलवर तिच्याचकडून त्यावर लिनक्स ही फुकटची, हलकी प्रणाली टाकून घेतली होती. तेव्हापासून ती रात्री उरलेले अर्ज त्याच्यावर टाइप करायची. विकासनं वैजयंतीला चाल कळावी म्हणून मायचं कच्चं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, ते रत्नमालालाही धाडलं होतं. सोमवारी सकाळी शेडवर जायच्या आधी रत्नमालानं ते पडद्यावर उघडलं. आवाज उघडला की रेघांचं रान दिसतं. ढोलकीची थाप म्हणजे ताठ काटा, मायचा शब्द म्हणजे फुगीर ओंबी. तिनं पट्टी लावल्यासारखं पाहायला सुरुवात केली. पहिली ओळ ढोलकीच्या काट्यावर नेमकी. दुसरी जराशी मागं. तिसरी आणखी तेवढीच. चौथी आणखी तेवढीच. तिनं पुन्हा मोजलं. तेवढीच. ज्याला ताल नसतो तो कधी पुढं पळतो, कधी मागं रेंगाळतो, त्याच्या चुकीला शिस्त नसते. दर ओळीला केसाएवढाही फरक न करता तेवढंच मागं राहायला ताल लागतो. पक्का लागतो. माय चुकत नव्हती. माय काहीतरी पाळत होती.

काय पाळत होती ते तिला त्याच दिवशी कळलं, आणि तेही स्वतःच्या तोंडानं. तिनं बाजारातून एक साधा माईक आणला, डब्याच्या मागच्या भोकात खोचला, हेडफोन घातला आणि आपला आवाज आपल्याच कानात येईल असं करून म्हणाली, "रत्नमाला देवमन सरकटे." नाव तोंडातून गेलं आणि मग, जरासं थांबून, कानात आलं. मागं दुसरी कुणीतरी उभी राहून तिचंच नाव घेत असावी. तिनं पुन्हा म्हटलं आणि जीभ अडखळली; मागचीचं सरकटे संपेपर्यंत पुढचं बोलवेना. ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. माय भाकरी थापत होती. "माय, स्टुडिओत तू थांबत काहून होती?" मायनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "मांगचे येऊन राह्यले होते ना. उशिरानं उचलत होते. मले वाटलं नव्या बाया हायेत, घाबरत असतीन. मंग थांबली मी." "मांगं कोनीच नव्हतं माय. तुहाच आवाज होता. मशीन उशिरा आनून देत होतं." मायचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. "माह्याच आवाजासाठी थांबली होती का मी?" ती म्हणाली, आणि इतकं हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला, मग तो पदर तिनं जरा जास्तच वेळ तिथं ठेवला.

पार्टीची ती रीतच होती. पुढचीनं ओळ म्हणायची, मागच्यांनी ढोलकीच्या एका फेरीत ती झेलायची, आणि मागच्यांनी झेलल्याशिवाय पुढचीनं दुसरी ओळ उचलायची नाही. मागचे कच्चे असले, दिवसभर सोयाबीन सोंगून आलेले असले, उशिरा उचलत असले, तर तेवढं उशिरा उचलायचं. देवमन ढोलकीत तेवढी जागा करून द्यायचा. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही. स्टुडिओतली ढोलकी यंत्राची, तिला कुणासाठी थांबायचं माहीत नाही. तिनं कोरससाठी रिकामी फेरी ठेवली होती, पण ती फेरी कुणासाठी लांबणार नव्हती. माय आपल्याच आवाजाच्या शेपटाला मागचे समजून थांबत राहिली, आणि ढोलकी निघून गेली. मागच्यांना सोडून पुढं जायचं नाही, हे मायनं गाण्यात पाळलं आणि गाण्याबाहेरही. तिची थोरली बहीण तुळसाबाई अंगठ्यावर अंगठे देत होती, म्हणून चाळिशीत स्वतः सही शिकल्यावर मायनं गप्प न बसता वस्तीतल्या सगळ्या बायांना ओट्यावर बसवलं होतं. हे गाणं तेव्हाचं. अंगठा ठेवा बाजूला, बाई, नाव माह्यं लिवा, अक्षराले उजेड पायजे, लावून ठेवा दिवा. मागच्यांनी म्हणायचं, लिवा हो लिवा. त्या मागच्यांत पहिली झेलणारी रत्नमाला असायची, मग बेबीबाई, मग बाकीच्या. आणि इथं येऊन रत्नमालाचं मन नेहमी रस्ता बदलायचं, पण आज तिनं त्याला बदलू दिलं नाही. ती चौदा वर्षांची होती. किन्हीराजा गावी कार्यक्रम होता, भर दुपारी, मांडवात. समोर तिच्या वर्गातल्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या, शाळेतून मळ्याच्या वाटेवर सहज थांबल्या असाव्यात. हसल्या की नाही तेही तिला आता सांगता येत नव्हतं. मायनं ओळ म्हटली आणि रत्नमालानं झेलली नाही. तोंड उघडलं होतं, आवाज तिनं सोडला नाही. ती उचलत नाही म्हणून बेबीबाई उचलेना. ढोलकी एक फेरी फिरली, दुसरी फिरली. देवमन नुसता वाजवत राहिला. माय समोर पाहत उभी होती, मागं वळली नाही, पुढं गेली नाही. तिसऱ्या फेरीला बेबीबाईनं घाबरत उचललं. नंतर मायनं सगळ्यांना सांगितलं, पोरीची वाचा बसली होती. रत्नमाला त्यानंतर कधी मागं उभी राहिली नाही. दहावीचं वर्ष, मग टायपिंग, मग शेड, कारणं ओळीनं येत गेली. मायनं कधी विचारलं नाही. तीन फेऱ्या मात्र तिच्या अंगात तशाच फिरत राहिल्या होत्या, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी, सही करायला माणूस वाकला की, कधीही.

"नवा लॅपटॉप घे नाहीतर विकासकडूनच दुसऱ्यांदा करून घे," सतीश फोनवर म्हणाला. "घरी त्या डब्यावर होत नसतं ते, ताई." त्याच्या होत नसतंनं तिचं काम सोपं केलं. होत नसतं ऐकलं की तिला भूक लागायची. पहिलं तिनं मोजलं. हेडफोनचा कान माईकच्या तोंडाला लावला, एक टकटक सोडली आणि ती फिरून यायला किती वेळ लागतो ते पाहिलं: सेकंदाचा दहावा भाग, वर थोडं. हे झालं अंगणाचं माप. मग सतीशनंच समजावून दिलं, कुरकुरत का होईना. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं नेत नाही, आधी साठवतो, भरलं की नेतो. त्या साठवणीला बफर म्हणतात. रत्नमालाला हे लगेच समजलं. हंडा भरेपर्यंत नळापाशी थांबायचं की तांब्यातांब्यानं न्यायचं, एवढाच प्रश्न. हंडा आरामाचा, पण घरच्याला तहान लागून जाते. तांब्या लगेच पोचतो, पण पळून पळून जीव जातो. तिनं हंड्याचा तांब्या केला, एक हजार चोवीसचा आकडा चौसष्टवर आणला, आणि हेडफोनमध्ये फुटाणे फुटायला लागले. आवाज वेळेवर येत होता पण फाटून येत होता. तांब्या नेणारा रांगेत अडकत होता. पुढं ब्राउझर उभा, वायफाय उभं, वीज वाचवायला म्हणून डुलक्या काढणारा प्रोसेसर उभा. तिनं वायफाय बंद केलं, ब्राउझर बंद केला, प्रोसेसरला जागं राहायला सांगितलं. फुटाणे कमी झाले, थांबले नाहीत. मग सतीश म्हणाला, आवाजाला रांगेत पुढं घ्यायची परवानगी द्यावी लागते. ती फक्त एका यादीतल्या लोकांना असते, त्या यादीत तुझं नाव आहे का बघ. नव्हतं. रत्नमालाला हसू आलं. यादीत नाव नसणं ही काही बातमी नव्हती. तिनं आपल्या हातानं आपलं नाव यादीत लिहिलं, यादीवाल्यांना पुढं जाऊ द्या अशी ओळ फाइलीत टाकली, माईकपाशी बसली. फुटाणे तसेच.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज सकाळी शेडवर जायच्या आधी दोन तास ती त्या डब्यापुढं बसायची, आणि रोज माय दारात येऊन पाहून जायची. गुरुवारी म्हणाली, "सोड वं. जेवन करत नाई तू धड." "तू डब्यावर गायली होती तवा सोडलं होतं का?" रत्नमाला वळूनही न पाहता म्हणाली. थोड्या वेळानं मायनं ताट तिथंच आणून ठेवलं. शुक्रवारी शेडमध्ये रामराव नावाचे म्हातारे तिसऱ्यांदा आले, नावातली चूक दुरुस्त करण्याच्या त्याच अर्जासाठी. "दुरुस्ती झाली म्हनतात वं बाई, कॉम्प्युटरात दिसते म्हनतात, पन तो खिडकीतला बाबू कबूलच करत नाई. त्याच्यापाशी मांगची छापलेली यादी हाय, तेच्यातच पाह्यते." रत्नमालाचे हात कीबोर्डवर थांबले. मागची छापलेली यादी. तिचा डबा सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की ती त्याला कधी बंदच करत नसे, नुसता झोपवायची. म्हणजे नाव घालायच्या आधी ती जी आत शिरली ती अजून आतच होती, आणि डब्याच्या हातात तेव्हाचीच यादी होती. नाव घालून झालं होतं, पण एकदा पूर्ण बाहेर पडून पुन्हा आत आल्याशिवाय कुणी नवी यादी उघडणार नव्हतं. तिनं रामरावांचा अर्ज असा कडक टाइप केला की वाचून ते स्वतःच दचकले, आणि शेडला कुलूप लावून ती भर दुपारी घरी गेली. डब्यातून लॉगआउट करून बाहेर पडली, पुन्हा नाव टाकून आत आली. तिचा आजा छप्पन साली जुन्या धर्मातून बाहेर पडला तो त्या दारानं परत गेला नव्हता; इथं परत यायचं होतं, पण वेगळी होऊन. हेडफोन घातला. "रत्नमाला देवमन सरकटे." नाव तोंडात असतानाच कानात होतं. मागं कुणी नव्हतं. फुटाणा एक नाही. तिनं टकटक सोडून मोजलं, सेकंदाच्या हजार भागांतले सहा. तिला ओरडावंसं वाटलं, आणि शेजारपाजाराची पर्वा न करता ती ओरडलीही.

रविवारी तीन वाजता पंखा बंद करून, दारंखिडक्या लावून, चादरी टांगून दोघी बसल्या. घामानं निथळत. विकासनं पाठवलेली तीच यंत्राची ढोलकी, तीच रिकामी फेरी. मायनं हेडफोन घातला, खाकरली, आणि नेमकी थापेवर उचलली. अंगठा ठेवा बाजूला, बाई, नाव माह्यं लिवा. पडद्यावर ओंबी काट्याला चिकटून उगवत होती. अक्षराले उजेड पायजे, लावून ठेवा दिवा. आणि माय थांबली. ढोलकीची फेरी संपली, माय उचलेना. रत्नमालानं सगळं थांबवलं. "काय झालं?" माय खुर्चीत अंग चोरून बसली होती. "मांगं कोनीच नाई आता," ती म्हणाली. "तवा खोटं का होईना, कोनी होतं. आता निरानाम सामसूम हाय." "तेच तर पायजे माय. तू नुसती फेरी मोज अन् उचल. कोरस ते लोक टाकतीन मांगून." "मांगून?" माय म्हणाली, आणि पुढं जे म्हणाली त्यात राग नव्हता, हट्ट होता, तोच हट्ट जो आठवडाभर रत्नमालाच्या हातात होता. "मांगच्यायले सोडून म्या कधी गेली नाई. आता म्हातारपनी जाऊ का? तू मशीन सुधारलं, लय केलं. पन माह्याच्यानं होत नाई."

साडेतीन वाजले होते. रत्नमालाला डब्याचा, ढोलकीचा, मायचा सगळ्यांचा एकदम राग आला, आणि मग कळलं की त्यातला एकही राग खरा नाही. तिनं आठवडाभर सगळं मोजलं होतं, एक सोडून. यंत्राचा उशीर सहापर्यंत आणला होता, आणि तिचा स्वतःचा उशीर चोवीस वर्षांचा होता. तिनं दुसरा हेडफोन लावला, खुर्ची ओढली, मायच्या मागं, जरा डावीकडं, जिथं ती उभी राहायची तिथं. "लाव," माय म्हणाली. तिनं काही पाहिलं नव्हतं, खुर्चीचा आवाज ऐकला असावा. ढोलकी सुरू झाली. अंगठा ठेवा बाजूला, बाई. रत्नमालाचं तोंड उघडलं, किन्हीराजाला उघडलं होतं तसंच, आणि समोर त्या दोन मुली आल्या, वेण्या, दप्तरं, सगळ्यासकट. या, ती मनात म्हणाली, उभ्या राहा, ऐकून जा. लावून ठेवा दिवा. लिवा हो लिवा. आवाज चिरकला, खालच्या पट्टीत घसरला, पण सुटला, आणि सुटताच कानात होता, वेळेवर. मायनं वळून पाहिलं नाही. मागचे आले की वळून पाहायचं नसतं. ती पुढं गेली.

पाचला फाइल गेली. सव्वापाचला विकासचा फोन आला, आवाजात खरा आनंद होता. "ताई, काय गायल्यात मावशी! आता वैजयंतीची गरजच नाही. कुठल्या स्टुडिओत केलं? आणि मावशींकडून प्रॅक्टिस करून घेतली वाटतं?"

"घरीच केलं. अन् प्रॅक्टिस मशीनकडून करून घेतली," रत्नमाला म्हणाली. "मावशी पहिल्यापासून बरोबर होत्या. तुमच्या अंगणाचं माप पाठवते, बघून घ्या."

मग तो जरा हळू म्हणाला, "बरं. ते मागं एक जण आहे ना, कोरसला, ती थोडी बेसूर आहे. तेवढं काढून आमच्या मुलींचा टाकतो. चालेल?"

स्वयंपाकघरात माय चहा गाळत होती, गाळता गाळता तेच गुणगुणत होती. ओळ संपली की थांबत होती.

"नाही चालनार," रत्नमाला म्हणाली. "ती तशीच राहू द्या. अन् नाव पुरं लिवा, भागिरथा देवमन सरकटे, खाली नाई, वर." तिनं फोन ठेवला, आणि स्वयंपाकघरात थांबलेल्या मायला इथूनच, मोठ्यानं, लिवा हो लिवा म्हणून पुढची ओळ मोकळी करून दिली.